मार्कोनी साब गेले, बोटीवर वायफाय आलं

मार्कोनीसाब_चिपळूण

मंडळी, परवा भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, पॅसिफिकच्या मध्यावर कुठेतरी होता, पोर्टहोलमधून पाणी दाखवत होता आणि वर मलाच विचारतो, मामा तुझ्याकडे आयपीएल चालू आहे ना, विकेट बघितलीस का. आमच्याकडे लाइट गेलेली. म्हणजे जमिनीवरच्या माणसाला स्कोअर समुद्रातून कळला. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून हा धागा. (बोट म्हणजे जहाज. आम्ही कोकणातले होडीपासून दोन लाख टनाच्या टँकरपर्यंत सगळ्याला बोटच म्हणतो, जाणकारांनी दात काढू नयेत.)

मी १९७९ ते १९९८ रेडिओ ऑफिसर होतो. रेडिओवाल्या मार्कोनीच्या नावावरून खलाशी लोक मार्कोनी साब म्हणायचे. ब्रिजच्या, म्हणजे बोट चालवायच्या खोलीच्या मागे माझी खोली, ट्रान्समीटर, मोर्सची की, आणि भिंतीवर एक घड्याळ ज्याच्या तबकडीवर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांच्या जागी लाल पट्टे. त्या तीन तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर सगळ्या दुनियेने गप्प बसायचं, कोणी बुडत असेल तर त्याचा क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून. मला अजून पावणेपाचला हातातलं काम थांबवायची सवय आहे, बायको म्हणते आला तुमचा मौनाचा टाइम.

तर घरचा निरोप यायचा तो मुंबई रेडिओ या किनाऱ्यावरच्या केंद्रावरून. व्हीडब्ल्यूबी ही त्याची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख. डिडिडिडा डिडाडा डाडिडिडिट, हे मला झोपेत पण ओळखता येईल. ते ठरल्या वेळी ट्रॅफिक लिस्ट वाचायचे, ज्या बोटींसाठी तार आहे त्यांची कॉलसाइन ओळीने. आपलं नाव आलं की नंबर लावून बसायचं. शब्दावर पैसे, त्यामुळे अख्खं बाळंतपण चार शब्दांत. आणि अख्ख्या बोटीवर ती तार पहिली कोण वाचणार तर मी. कोणाला मुलगा झाला, कोणाचं घर कर्जात गेलं, सगळं मला आधी माहीत आणि तोंड बंद, कारण लायसन्स घेतानाच गुप्ततेची सही केलेली.

१९८६ ची गोष्ट. मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरत होतो. रात्री नऊला तार घेतली, आमच्या एका सुकानीचे वडील गेले होते. फादर एक्सपायर्ड मंडे राइट्स ओव्हर डोन्ट वरी. सुकानी दापोलीकडचा, आपलाच माणूस, बारा ते चारच्या वॉचला, म्हणजे पाळीला. कॅप्टनला कागद दाखवला. कॅप्टन म्हणाला, पुढे वन फॅदम बँकचं उथळ पाणी आहे, ट्रॅफिक आहे, दुसरा सुकानी तापाने पडलाय, व्हीलवर हाच लागणार. चारला खाली उतरला की सांग. मी कागद पाकिटात घालून खिशात ठेवला. साडेअकराला मेसमध्ये तोच भेटला, चहा ओतत होता, मला पण दिला, आणि नेहमीसारखं विचारलं, "साब, माझं काय आलंय काय?" मी म्हटलं, उद्या लिस्ट बघतो.

चार वाजेपर्यंत तो बोट चालवत होता आणि त्याच्या वडिलांची खबर माझ्या खिशात होती.

१ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस, म्हणजे बोटींची नवी संकटकाळची रेडिओ पद्धत, पूर्ण लागू झालं, मोर्स संपलं, सॅटेलाइट आलं, डेकवरच्याच ऑफिसरांनी सर्टिफिकेट काढून रेडिओ सांभाळायचा असं ठरलं आणि आमची जमात बाद. काही जण इलेक्ट्रिकल ऑफिसर झाले, मी चिपळूणला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याचं दुःख नाही. पण आता खबर थेट माणसाच्या खिशात येते. मध्ये कोणी नाही. हे बरं झालं की वाईट, खरंच कळत नाही. सध्या बोटीवर असलेल्यांनी लिहा.

---

आयटीवाला_बंड्या

मस्त लिहिलंय काका. पण प्रॉब्लेम काय तो कळला नाही. बातमी लवकर कळणं चांगलंच की. माझ्या बापाबद्दल काही असेल तर मला त्याच सेकंदाला कळायला हवं, कॅप्टन कोण ठरवणारा?

---

थर्डमेट_हर्णे

मी बोटीवरूनच टाइप करतोय, आत्ता बल्क कॅरिअरवर आहे, स्टारलिंकचं सॅटेलाइट नेट आहे. काका तुमचा किस्सा भारी पण मला जरा रोमँटिक वाटला, राग मानू नका.

माझा पहिला कॉन्ट्रॅक्ट २०१७, तेव्हा व्हीसॅट हे जुनं सॅटेलाइट नेट होतं, कार्ड मिळायचं, खरवडून पिन टाकायचा आणि महिन्याचा कोटा संपला की संपला. व्हॉट्सअॅपवर कोणी लग्नाचा व्हिडिओ टाकला आणि ऑटो डाउनलोड चालू राहिलं असेल तर अर्धा महिना गेला. मग श्रीलंकेच्या खालून पूर्वेकडे जाताना डोंड्रा हेडजवळ सगळा क्रू पोर्ट साइडला (डावीकडे) रेलिंगवर, फोन वर धरून, जणू काय पाऊस मागतायत. कुक पण पोळ्या टाकून वर. एकेक दांडी दिसली की आरडाओरडा. पश्चिमेकडे जात असलो की स्टारबोर्ड साइडला (उजवीकडे), एवढाच फरक. सुवेझमध्ये बोटवाले चढायचे सिम विकायला, अर्धी सिम बंद निघायची.

२०२२ च्या जुलैमध्ये स्टारलिंकचं मरीटाइम आलं, सुरुवातीला महिन्याला ५००० डॉलर रेट होता, तेव्हा आमच्यात जोक होता की आपल्या बोटीवर यायला आपण कॅप्टन व्हावं लागेल. पण दोन वर्षांत आलं. गेल्या कॉन्ट्रॅक्टला आजी गेली. मी चिलीला चाललो होतो. चुलतभावाने फोन धरला, मी तिला न्यायच्या आधी बघितलं, तिच्या कपाळाला बुक्का लावलेला पण दिसत होता. तुमच्या तारेत ते दिसलं असतं का काका?

पण दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर बंड्या म्हणेल एकतर्फी. बंदराला लागताना फॉरवर्ड स्टेशनला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला दोर बांधायच्या जागी होतो. एका एबीचा (खलाशाचा) फोन बॉयलर सूटच्या खिशात. दोर ओढायच्या विंचवर हात असताना व्हायब्रेट झाला, त्याने कानाला लावून व्हॉइस नोट ऐकली, पोरगं आयसीयूमध्ये. हात तिथेच थांबला. रोप ताणावर होता, दोन कचकच आवाज आले, बोसन (खलाशांचा मुकादम) ओरडला म्हणून मी त्याला मागे खेचलं. रोप तुटला असता तर आज हा धागा कोणीतरी दुसरं वाचत असतं. तेव्हापासून स्टेशनला जायच्या आधी मेसबाहेर प्लॅस्टिकची टोपली ठेवलेली असते, कांद्याची, त्यात सगळ्यांनी फोन टाकायचे. कॅप्टनचा पण.

पोरगं बरं झालं. पण तो एबी पुढचे अकरा दिवस झोपला नाही, कारण अकरा दिवसांनी पुढचं पोर्ट होतं. बंड्या, प्रॉब्लेम हा आहे. कळतं सेकंदाला, पोचायला अकरा दिवस.

---

दापोलीची_सून

बायकांची बाजू कोणीच लिहीत नाही म्हणून लॉगिन केलं.

माझं लग्न २००३ चं. नवरा इंजिनला. तेव्हा फोन शेजारी, ते पोर्टवरून कार्ड टाकून करायचे, शेजारीण हाक मारायची, मी धावत जायची आणि पोचेपर्यंत कार्डातले निम्मे पैसे गेलेले. बोलायचं काय तर कसे आहात, बरे आहात ना, पैसे मिळाले. शेजारीण बाजूला भाजी निवडत बसलेली, काय बोलणार डोंबल. खरं सगळं पत्रात. आणि पत्रातलं भांडण फार सोयीचं, मी चिडून लिहायची, पत्र पोचायला तीन आठवडे, तोपर्यंत माझा राग गेलेला आणि त्यांचा सुरू, त्यांचं चिडकं उत्तर यायचं तेव्हा मी आठवायची की नक्की कशावरून होतं बरं.

आता ब्लू टिक. बघितलं आणि उत्तर नाही म्हणजे काय हे मी विचारायचं, ते म्हणणार वॉचला होतो. आणि तिथे बसून घर चालवतात हो. गॅस संपला का, प्लंबर आला का, त्याला फोन दे मी बोलतो. प्लंबर इथे संडासात उभा आणि साहेब अटलांटिकमधून त्याला एल्बो कुठला टाकायचा सांगतायत. पूर्वी नऊ महिने मी घरची मालकीण असायची, हे आले की महिनाभर दोघांना जुळवून घ्यायला लागायचं. आता ते कधी जातच नाहीत धड, आणि येतात तेव्हा पण हातात फोनच.

मुलगी मात्र बापाला ओळखते. मोठा मुलगा दोन वर्षांचा असताना हे घरी आले तर रडून माझ्यामागे लपला होता. ते दोघं आठ दिवस एकमेकांकडे चोरासारखे बघत होते. मुलीच्या वेळी तसं काहीच झालं नाही, स्क्रीनवरचा बाप दारात आला एवढंच. त्यामुळे मी काही वायफायला शिव्या देणार नाही.

---

केळशीकर

प्लंबर 😂😂 आमच्याकडे पण सेम. काकांना दंडवत, पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

चीफसाब

घरच्यांचं झालं, आता ऑफिसचं ऐका.

मी फिफ्थ इंजिनिअर होतो तेव्हा ऑफिसचा संबंध दुपारच्या नून रिपोर्टपुरता. पोझिशन, स्पीड, तेल किती जळलं, संपलं. उरलेले २४ तास कॅप्टन देव आणि चीफ इंजिनिअर उपदेव. आज इंजिनाचे सेन्सर थेट किनाऱ्यावर डेटा पाठवतात. चार नंबर युनिटचं (सिलिंडरचं) एक्झॉस्ट टेम्परेचर चढलं तर माझा ऑइलर मला सांगायच्या आधी ऑफिसातल्या सुपरिंटेंडेंटचा मेसेज. फोटो पाठवा. दुसऱ्या अँगलने पाठवा. व्हिडिओ पाठवा. मी इंजिन बघू का फोटोग्राफी करू? आणि त्यांचा दिवस सुरू होतो तेव्हा आमची रात्र. कागदावर आम्हाला २४ तासांत किमान १० तास विश्रांती, ७ दिवसांत ७७, तो तक्ता रोज भरतो. मेसेज वाचण्याचा वेळ त्यात कुठे टाकायचा याचा रकाना मात्र नाही.

कॅप्टनचं तर विचारू नका, दिवसाला ढिगाने ईमेल, चांगला दर्यावर्दी माणूस क्लार्क झालाय.

उपयोग नाही असं नाही. मागे फ्युएल पंपाने दगा दिला तेव्हा मेकरचा माणूस जर्मनीतून व्हिडिओवर, मी हेल्मेटला फोन बांधून खाली, तो सांगतोय मी खोलतोय, पाच तासांत बोट चालू. तार पाठवून ते काम झालं नसतं, बोट ओढायला टग बोलवावा लागला असता.

आणि स्मोकरूम मेलं हो. कॅरमबोर्डावर धूळ. पूर्वी जेवण झालं की सगळे तिथेच, एकच व्हिडिओ कॅसेट चाळीस वेळा बघायचे, डायलॉग हिरोच्या आधी क्रू म्हणायचा. भांडणं पण तिथेच आणि मिटायची पण तिथेच. आता जेवण झालं की पटापट दारं बंद, कॉरिडॉरमधून चालताना प्रत्येक केबिनमधून वेगळ्या भाषेतलं घर ऐकू येतं. तगालोग, मल्याळी, युक्रेनियन. शेजारच्या केबिनमधला माणूस आठवडाभर जेवत नाहीये हे कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्याच बोटीवर झालं, एक वायपर (इंजिनरूमचा साफसफाईवाला) पोरगा, बायकोने ब्लॉक केलं होतं. कुकने सांगितलं, कारण ताट भरलेलं परत यायचं. हल्ली मी रविवारी दोन तास सक्तीने सगळ्यांना हाउसी खेळायला बसवतो, बक्षीस चिकन लॉलीपॉप. शिव्या घालतात पण येतात.

अवांतर: २०२० च्या जुलैत मॉरिशसला वाकाशिओ बोट प्रवाळावर चढली, तेल सांडलं, ते आठवतंय का. बेटाच्या इतक्या जवळून का नेली तर मोबाईलची रेंज मिळावी म्हणून, हे चौकशीत आलं. तेव्हा कोविडमुळे लोक महिनोन् महिने अडकलेले, जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपून बोटीवरच. तिथे जे केलं ते चूकच, पण तेव्हा बोटीवर असलेल्याला ती दोन दांड्यांची भूक समजते.

---

तारवटी

गोंयचो हांव, मराठीत लिहितो, सांभाळून घ्या. आमच्या घरात तीन पिढ्या तारवटी, म्हणजे बोटीवरचे, आजोबा स्टुअर्ड होते. त्यांची पत्रं घरी यायचीच नाहीत, मुंबईत धोबीतलावला आमच्या गावाचा कूड होता तिथे यायची. बोटीवरून उतरलेला किंवा चढायची वाट बघणारा गाववाला तिथेच राहायचा, पत्र्याची पेटी भिंतीला लावून. गावाला जाणारा कोणीतरी सगळ्यांची पत्रं घेऊन जायचा. म्हणजे मार्कोनी साब म्हणतात तसा मध्ये माणूस असायचाच. वाईट बातमी असेल तर कूडातले म्हातारे आधी ठरवायचे कोणी सांगायचं. आता मुलगा क्रूझवर आहे, त्याची आई रोज रात्री तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणताना फोन टेबलावर उभा करते, तो तिकडून उत्तरं देतो. नेटवर्क अडकलं की आमची हेल मेरी अर्ध्यावर.

---

कॅडेटची_आई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल माफ. मुलगा डेक कॅडेट (शिकाऊ), पहिलीच बोट. मी फोनवर बोट कुठे आहे ते दाखवणारं मरीन ट्रॅफिक अॅप टाकून घेतलंय, सकाळी देवाला नमस्कार करायच्या आधी ते बघते. मंगळवारपासून बोट एकाच जागी दिसतेय, खाली आउट ऑफ रेंज लिहिलंय. मेसेज पण नाही. मागे तर भूमध्य समुद्रात असताना बोट चक्क बैरूतच्या विमानतळावर दिसत होती. पोरगं बोटीवर गेलंय की विमानात, हे म्हणाले अॅप काढून टाक. तांबड्या समुद्रातल्या बोटींवरच्या हल्ल्यांच्या बातम्या ऐकल्यापासून झोप नाही. हे असं का होतं कोणी सांगेल का?

---

थर्डमेट_हर्णे

काकू, घाबरू नका. बोटीचं एआयएस यंत्र आपली जागा सांगणारा सिग्नल सोडत असतं पण फुकटच्या अॅपला तो किनाऱ्यावरच्या अँटेनाकडून मिळतो. बोट लांब गेली की अँटेनाला ऐकू येत नाही, मग शेवटची जागा तशीच दाखवत राहतं. सॅटेलाइटवालं बघायला पैसे लागतात. विमानतळाचं म्हणजे त्या भागात कोणीतरी खोटे जीपीएस सिग्नल सोडतं, बोटीला वाटतं आपण तिथेच आहोत. आम्ही रडार आणि डोळ्यांनी बघून जातो, जुन्या पद्धतीने. आणि धोक्याच्या भागात कधी कधी एआयएस मुद्दाम बंद ठेवतात, म्हणजे बोट दिसली नाही तर ती लपलेली आहे असं समजा. हे मी आईला आधीच सांगून ठेवलंय, तुम्ही पण पोराला पुढच्या वेळी विचारून ठेवा.

मेसेज नाही म्हणजे कॅडेटला झोपायला पण वेळ नसतो हो. मी पण आईला चार दिवसांनी हम्म पाठवायचो.

---

आयटीवाला_बंड्या

ओके, अकरा दिवसांचं डोक्यात बसलं. एक शंका. नेट देणं कंपनीवर बंधनकारक आहे ना आता?

---

चीफसाब

एमएलसी या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली, २३ डिसेंबर २०२४ पासून लागू. शक्य असेल तिथे नेट द्यायचं आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यायचे, असं आहे. तो 'शक्य असेल तिथे' शब्द वकिलांचा लाडका. काही ठिकाणी अजून आठवड्याला मोजून एमबी मिळतात आणि ऑफिसच्या ईमेलला मात्र पाइप उघडा. कंपनीचं नाव घेत नाही, अजून पगार तिथूनच येतो.

---

मार्कोनीसाब_चिपळूण

सगळ्यांचे आभार. हर्णेकर, राग कसला, आजीचं वाचून गप्प झालो. तसं बघायचं तर आमच्या वेळचं सगळंच गोड नव्हतं. एकदा आमचा भंडारी, म्हणजे बोटीवरचा आचारी, उकळत्या तेलाने कोपरापर्यंत भाजला. रोमला सीआयआरएम म्हणून संस्था आहे, १९३५ पासून बोटींना रेडिओवरून फुकट डॉक्टरी सल्ला देते, तिचा पहिला अध्यक्ष खुद्द मार्कोनी. मी मोर्समध्ये त्यांना हाताचं वर्णन पाठवत होतो. फोड किती मोठा, कातडीचा रंग काय. रंग मोर्समध्ये कसा सांगणार? पिंक लिहिलं, उत्तर आलं हाउ पिंक. तिकडे माणूस ओरडतोय आणि मी गुलाबी शब्दाला दुसरा शब्द शोधतोय. आता एक फोटो टाकला की काम. तेवढ्यासाठी माझी नोकरी गेली ते ठीकच.

---

दापोलीची_सून

काका, पण त्या सुकानीचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाहीत. आमच्याकडचा म्हणालात म्हणून विचारते.

---

मार्कोनीसाब_चिपळूण

मुद्दाम लिहिलं नव्हतं. आता विचारलंस तर सांगतो.

चारला तो खाली आला, मी त्याला माझ्या खोलीत नेला, दार लावलं, पाकीट दिलं. त्याला इंग्रजी बेताचं, मी वाचून दाखवली. तो रडला नाही. कागदावर वरच्या कोपऱ्यात मी सवयीने वेळ लिहिलेली असते, तारीख आणि टाइम, त्यावर त्याने बोट ठेवलं. म्हणाला, "ही नऊची हाय." मी म्हटलं हो. "म्हणजे मी चहा दिला तवा तुमच्या खिशात होती." मी कॅप्टनचं सांगायला गेलो, वन फॅदम बँक वगैरे. तो म्हणाला, हां साब, बरोबर हाय, व्हील सोडून कसं चालंल. आणि गेला.

सात महिने आम्ही त्या बोटीवर एकत्र होतो. सलाम करायचा, चहा पण द्यायचा. पण माझं काय आलंय काय असं त्याने परत कधी विचारलं नाही. बाकी सगळे विचारायचे.

---

थर्डमेट_हर्णे

वाचलं काका. काय बोलायचं सुचत नाही.

उद्या पहाटे चीनच्या हद्दीत शिरतोय, तिथे स्टारलिंक बंद ठेवायला लागतं, कॅप्टनने मेसमध्ये नोटीस लावलीय आणि सगळा क्रू आत्ता घरी फोन करून सांगतोय की आठवडाभर गायब. मला पण आईला लावायचाय. पोर्टला सिम मिळालं तर मिळालं. धागा वर ठेवा.

---

कॅडेटची_आई

अहो जाण्याआधी एकच सांगा, अॅपवर तरी दिसाल ना?